अंगाऱ्यासाठी मान उचलेना

तुमच्या घरचं माणूस दवाखान्यात भरती असतं, तेव्हा त्याच्याकडे शेवटचं नीट कोणी बघितलं, हे तुम्हाला सांगता येईल का? सलाईन कोणी लावली, गोळ्या कोणी दिल्या, सही कुठे घेतली, ते मी विचारत नाही. खाटेपाशी उभं राहून त्याच्या चेहऱ्याकडे, छातीकडे, हातापायांकडे कोणी बघितलं, एवढंच विचारते. बहुतेकांना सांगता येणार नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. बघणं हेही काम आहे, असं आपल्याकडे कोणी धरतच नाही. टोचलेली सुई दिसते, म्हणून तिचा हिशोब मागतात. बघितलेलं दिसत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. कुठल्या ते लिहीत नाही, कापसाच्या पट्ट्यातलं कुठलंही समजा. माझं निम्मं शिक्षण पेशंटकडे बघण्याचं शिक्षण आहे, आणि ड्युटीवर ज्याला सगळ्यात कमी वेळ मिळतो ते काम हेच. आपण पलीकडच्या खाटेशी असताना अलीकडच्या खाटेवर काय होत असेल, या भीतीनं मी रोज वॉर्डाचं दार ढकलते. हा अनुभव त्या भीतीचा आहे. तो कृपेचाही आहे, असं आता मला लिहावंसं वाटतं, आणि लिहिताना हात अडखळतो.

अडखळतो, कारण आमच्या घरी देव्हारा नव्हता. होती ती पत्रकं. बाबा नोकरी सांभाळून चळवळीत होते. संध्याकाळी जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायच्या आणि सकाळी ती बसस्टँडवर वाटायची, हे माझं लहानपण. हक्क, वेतन, कामाचे तास हे शब्द मी श्लोकांच्या आधी शिकले. त्यामुळे परिचारिका म्हणजे सेवेची देवी, असं कोणी भाषणात म्हणालं की माझं डोकं फिरतं, आजही. देवीला सुट्टी लागत नाही, देवीला मदतीला माणूस लागत नाही, देवीला एकटीला सगळा वॉर्ड देता येतो. म्हणूनच आम्हाला देवी करतात. असं बोलणारी मी, आणि तरी मला हे सांगायचं आहे.

नवरात्राचे दिवस होते. आमच्याकडे तो फवारणीचा हंगाम असतो. कपाशी डोक्याएवढी झालेली, वारा तोंडावर येतो आणि पाठीवरच्या पंपातून किडीवरची दवा पुढे उडते ती परत मारणाऱ्याच्याच अंगावर. मग संध्याकाळी माणसं येऊ लागतात. कोणाला ओकारी, कोणाला घाम, कोणाच्या तोंडातून सारखी लाळ. आम्ही आधी डोळे बघतो. विष चढलेल्या माणसाच्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक होतात. मग छातीतला आवाज, नाडी, अंगावरचा घाम. वनिता आली तेव्हा तिचं सगळं असंच होतं. वय माझ्याएवढंच. तिचा नवरा फवारत होता आणि ती पाणी आणून दवा कालवत होती. शेतात काम करताना आमच्याकडच्या बाया लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. वनितानंही घातला होता. तो दवेनं भिजला. बाईनं उघड्या शेतात बदलायचं कुठे? तिनं तो अंगावरच वाळू दिला, संध्याकाळी बाभळीला टांगला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चढवला. पुरुषही असंच करतात, पण त्यांना बांधावर उघडं होऊन पाणी अंगावर घेता येतं. मी तिचा शर्ट कात्रीनं कापून काढला, साबणानं अंग धुतलं, केस धुतले. तिची सासू गिरजाकाकू कोपऱ्यात उभी राहून म्हणत होती, "शर्ट कायले फाडला बाई, धुतला असता तं चालला असता."

औषधं वेळेवर पडली आणि वनिता बरी होऊ लागली. छाती मोकळी झाली, बाहुल्या मोठ्या झाल्या, घाम थांबला. एकदा शुद्ध नीट आल्यावर तिची जीभही सुटली. मी इंजेक्शन घेऊन गेले की म्हणायची, "सिस्टर, तुमच्या सुईपरीस ते दवा बरी होती." गिरजाकाकू तिथूनच टोमणा मारायची, "घरी कामाचं नाव घेतलं की हिचं डोकं दुखते, अथी पाह्य कशी पोपटावानी बोलून राह्यली." सासूसुनेचं हे भांडण अख्खा वॉर्ड कान देऊन ऐकायचा. अष्टमी उजाडली तशी काकूनं डॉक्टरांच्या मागे लकडा लावला. त्यांच्या घरी घट बसलेले. घटापुढचा अखंड दिवा वनिताच्या हातानं लागलेला, म्हणून अष्टमीची ओटीही तिच्याच हातानं भरली पाहिजे. सून चालते, बोलते, चहा पिते, मग ठेवता कशाला? आमचे डॉक्टर तरुण, एकटे, आणि जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले पेशंट त्यांच्या डोळ्यांसमोर. त्यांनी सकाळी वनिताला तपासलं, सगळं ठीक होतं, आणि संध्याकाळी सोडू असं म्हणाले. मी म्हटलं, अजून राहू द्या. ते म्हणाले, "संध्याकाळी बघून सोडू, सिस्टर. आत्ता नाही सोडत." तेवढ्यावर मी पुढच्या खाटेकडे वळले.

पण या विषाचं एक रूप आहे, ते मला सगळ्यात जास्त घाबरवतं. पहिला झटका गेला, माणूस हसू-बोलू लागला, घरचे थैल्या भरू लागले, की कधीकधी ते दुसऱ्यांदा येतं. या वेळी ओकारी नाही, लाळ नाही, आरडाओरडा नाही. अंगातली ताकद वरून खाली उतरत जाते. आधी मान, मग खांदे, मग श्वास. माणूस जागा असतो, सगळं ऐकत असतो, आणि त्याचा श्वास हळूहळू उथळ होत थांबतो. आधीच्या हंगामात मी एका माणसाला असा जाताना बघितलं होतं. त्याची बायको बाजूला बसून केळं सोलत होती, नवरा झोपला म्हणून आवाज न करता. ओरडणाऱ्या पेशंटची मला भीती वाटत नाही. गप्प पडलेल्याची वाटते.

मग त्या दुपारी मी वनिताच्या खाटेपाशी जाऊन का उभी राहिले नाही? कारण जेवणाच्या वेळेला एक अडलेली बाळंतीण आली आणि माझ्याबरोबरची सिस्टर तिकडे गेली. वॉर्डात मी एकटी. एकाची सलाईन संपलेली, एकाला उलटी, एक नवा पेशंट दारात हातगाडीवर. वनिता बरी झालेल्यांपैकी होती. बरी झालेल्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. मी तिच्याकडे संध्याकाळच्या आत पोचणार नव्हते, आणि संध्याकाळी तिला घेऊन जाणारी जीप आधीच गावाहून निघालेली होती. हे सगळं मला ट्रे हातात घेऊन धावताना कळत होतं. कळत असूनही काही करता येत नाही, यासारखी दुसरी भीती नाही.

अशा वेळी ती म्हातारी वॉर्डात आली. फिकट जांभळं लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात स्टीलचा छोटा डबा. गावाच्या शिवेवर मरीमायचं ठाणं आहे, अष्टमीला तिथे धूप घालतात आणि बाया तो अंगारा घेऊन घरोघर फिरतात. दवाखान्यात मात्र मी हे कधी चालू दिलं नव्हतं. म्हटलं, "आजी, भेटायची वेळ संपली. आणि अंगारा-बिंगारा इथं नको." ती थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "खाऊ नाई घालत व बाई. कपाळालेच लावतो. तुह्या सुईच्या आडवं नाई येत." पहिल्याच खाटेवरची बाई हसली आणि मला म्हणाली, "लावू द्या न सिस्टर. तुमच्या औषधाचं अन् मायचं भांडण हाय काय?" माझ्याकडे वाद घालायला वेळ नव्हता. मी तिला सोडून दिलं आणि पुढच्या पेशंटची नस शोधू लागले.

कानावर तिचं बोलणं पडत होतं. तिचा एक नियम होता. झोपल्या झोपल्या अंगारा घ्यायचा नाही. ज्याला बसता येईल त्यानं बसायचं, ज्याला बसता येत नाही त्यानं उशीवरून मान तरी उचलायची. एक जण आळसानं तसाच पडून राहिला तर त्याला ती म्हणाली, "माय आली दारात अन् तू उशीवर डोकं ठेवून? पाय तुटला तुहा, मान तं नाई तुटली." सगळे हसले, तोही हसला आणि त्यानं मान उचलली. खाटेमागून खाट. तापानं फणफणलेला माणूस मान उचलत होता, ऑपरेशनची बाई उचलत होती. मग ती वनितापाशी आली.

मी समोरच्या खाटेपाशी होते, तोंड त्यांच्याकडे. म्हातारीनं अंगठा अंगाऱ्यात बुडवला आणि वाट बघत उभी राहिली. वनिता हसली, "हो आजी" म्हणाली. तिचा आवाज नाकातून आला. मला वाटलं सर्दी असेल. तिनं मान उचलायला घेतली. हनुवटी थरथरली, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि डोकं उशीवर तसंच राहिलं. तिनं हात डोक्यामागे न्यायला बघितला, भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलतात तसं स्वतःचं डोकं उचलायला. हात कानापर्यंत गेला आणि खाली पडला. गिरजाकाकू म्हणाली, "उठ न व, नाटकं काहून करून राह्यली? सकाळी चहा पेली तवा चांगली बसली होती. जायच्या टायमाले आळस चढला हिले." आणि म्हातारी हसून म्हणाली, "मान कच्ची हाय व हिची. तान्ह्या लेकरावानी झाली काय सासरी येऊन?"

हातातली सुई मी ट्रेमध्ये कशी ठेवली ते आठवत नाही. दोन खाटांमधलं अंतर मी कसं ओलांडलं तेही नाही. वनिताच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं, "वनिता, माझा हात वर ढकल." हाताखाली काहीच जोर लागला नाही. "एका श्वासात आकडे म्हण, जितके जमतील तितके." ती चार-पाचांपाशीच थांबली आणि माझ्याकडे बघू लागली, जणू चूक माझी होती. मी तिच्या अंगावरची चादर बाजूला केली. श्वास घेताना पोट वर यायला हवं. तिचं पोट आत जात होतं. मी तिथूनच डॉक्टरांना हाक मारली, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. म्हातारीकडे माझं लक्ष गेलं ते तेव्हा. तिनं आपला नियम मोडला होता. वाकून, उशीवरच्या डोक्याला तिनं अंगारा लावला, आणि पुढच्या खाटेकडे गेली.

डॉक्टर आले. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा चांगला होता. ते म्हणाले, "सिस्टर, ऑक्सिजन तर उत्तम आहे हिचा." मी म्हटलं, "सर, आकडा नका बघू. मान बघा." त्यांनी तिला मान उचलायला सांगितलं, आणि त्यांचाही चेहरा बदलला. तो माणूस भला आहे. त्यांनी माझ्याशी हुज्जत घातली नाही, लगेच यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याला फोन लावला, श्वासाचं मशीन मोकळं ठेवायला सांगितलं. आमच्याकडे तसं मशीन नव्हतं. गाडी होती, ड्रायव्हर होता. पण डॉक्टरांना दवाखाना सोडता येत नव्हता, तिकडे बाळंतीण अडलेली होती. मग पेशंटबरोबर कोण जाणार? मी. वॉर्ड कोणाच्या भरवशावर? बाळंतपणाच्या खोलीतली सिस्टर दोन्हीकडे धावणार. असं आमचं गणित असतं. एकीला वाचवायला निघताना मागे किती जणांना वाऱ्यावर टाकतोय, हे गाडीत चढताना मागे वळून बघायचंही धाडस होत नाही.

गिरजाकाकू अजूनही विचारत होती, घरी जाऊ म्हणाले अन् आता यवतमाळले काहून? मी तिला हाताला धरून गाडीत बसवलं. रस्त्याच्या कडेला शेतकऱ्यांनी सोयाबीन वाळत घातलेलं. ड्रायव्हर एका बाजूनं जात होता, समोरून ट्रॅक्टर आला की थांबत होता, भोंगा वाजवत होता. मी वनिताच्या छातीवर नजर खिळवून बसले. श्वास जात होता, येत होता, प्रत्येक वेळी थोडा कमी. मी तिच्याशी बोलत राहिले. नेरला तिचं माहेर, तिथल्या बाजाराचं काहीतरी विचारलं. आधी ती उत्तर द्यायला ओठ हलवत होती. मग फक्त पापण्या हलवू लागली. मग पापणीही अर्धीच उघडी राहिली, आणि आता बोटावरचं यंत्र बोलू लागलं. आकडा खाली येऊ लागला, भोंग्याच्या आवाजातही त्याची टिकटिक ऐकू येत होती.

श्वास देण्याची रबराची पिशवी असते. तोंडावर मास्क घट्ट बसवायचा, मान नीट धरायची आणि पिशवी दाबायची. एका हातानं मास्क, दुसऱ्या हातानं पिशवी, हे मी शिकले होते, केलंही होतं, पण स्थिर खाटेवर. खड्डा आला की माझा मास्क सुटत होता, हवा गालावरून निघून जात होती, छाती वर येत नव्हती. घामानं माझे हात निसरडे झाले. त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं की ही माझ्या हातात मरणार आहे. मला दोन्ही हात मास्कला लागणार होते. पिशवी दाबायला तिसरा हात हवा होता. मी म्हटलं, "काकू, इकडं या. ही पिशवी धरा. मी सांगते तसं दाबा." तिनं धरली आणि घाबरून भराभर दाबू लागली. भराभर दाबलं की हवा पोटात जाते, ओकारी येते, सगळं बिघडतं. मी ओरडले, "सावकाश, काकू. माझ्यामागं एक-दोन म्हणा." तिनं प्रयत्न केला. आकडे तिच्या तोंडात धावत सुटले आणि त्यांच्यामागे हात. मग ती रडत म्हणाली, "मले नाई जमत तुहं एक-दोन. मी मायचं नाव घेऊ काय?"

मी म्हटलं, "घ्या. नाव घेताना दाबा. मग सोडा."

तिनं डोळे मिटले. "माय," म्हणाली आणि दाबलं. छाती वर आली. "सांभाळ माह्या लेकीले," म्हणत सोडलं. छाती खाली गेली. ती थांबली, स्वतःचा श्वास घेतला, आणि पुन्हा, "माय." त्याच चालीवर, तितक्याच सावकाश, एकदाही न चुकता. जी बाई सुनेला इतके दिवस "ही" म्हणत होती, तिच्या तोंडून लेक हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आकडा थांबला. मग हळूहळू चढू लागला.

त्या गाडीत माझ्या आत काय झालं ते मला सांगता यायला हवं, आणि तिथेच माझी भाषा कमी पडते. तोवर मी वनिताला धरून ठेवलं होतं, माझ्या शिक्षणानं, माझ्या रागानं, ही जाता कामा नये या हट्टानं. गिरजाकाकूच्या हाताखाली छाती वरखाली होऊ लागली तेव्हा मला कळलं की हा श्वास माझा नाही, तिचाही नाही. आम्ही फक्त वाट मोकळी धरून आहोत. तो येतोय तिथून येऊ द्यायचा. भीती गेली असं म्हणणार नाही. ती दवाखान्याच्या फाटकापर्यंत माझ्या शेजारी बसून होती. पण मास्क पुन्हा सुटला नाही. ज्या मायचा अंगारा मी दारातून परत पाठवायला निघाले होते, तिला मी मनात म्हटलं, आता तुझं तू बघ, मी मास्क सोडत नाही.

यवतमाळला लोक दारातच उभे होते. वनिताला आत घेऊन गेले, घशात नळी घातली, मशीन लावलं. गिरजाकाकूच्या हातातून पिशवी काढून घेतली तरी तिची बोटं दाबत-सोडत राहिली, ओठ हलत राहिले. मी तिचे हात माझ्या हातात घेतले. मग आम्ही दोघी भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. ती म्हणाली, "घरचा दिवा विझला असन आता." मी म्हटलं, "कोणी तेल घातलं असेल काकू." ती म्हणाली, "विझला तं विझला."

वनिता बरेच दिवस मशीनवर राहिली. मशीन काढलं, आता स्वतःचा श्वास घेते, असा निरोप आला त्या दिवशी मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. दिवाळी झाल्यावर दोघी आमच्या दवाखान्यात आल्या. वनिता बारीक झालेली, पण मान ताठ. मला म्हणाली, "मले सगळं ऐकू येत होतं, सिस्टर. तुमी म्हणत होत्या, सावकाश काकू, सावकाश. मी मनात म्हटलं, बापा, हिले सावकाश म्हणणारं कोणीतरी भेटलं एकदाचं." गिरजाकाकू म्हणाली, "बोलाले लागली की बरी झाली समजा." आणि दोघी हसल्या.

त्या म्हातारीला मी शोधलं. आमच्या चौकीदाराला विचारलं तर म्हणाला, "अष्टमीले बाया येतच राह्यतेत, मी कोणाकोणाचं तोंड पाहू?" त्या दिवशीच्या प्रत्येक पेशंटला वाटत होतं की ती दुसऱ्या कोणाची तरी नातेवाईक. मरीमायच्या ठाण्यावर जाऊन आले. तिथल्या बाया म्हणाल्या, असतील आमच्यातल्याच कोणी. गिरजाकाकू म्हणते, माय आली होती, तुम्ही तिले हाकलून राह्यल्या होत्या. मी तिच्याशी वाद घालत नाही. एखाद्या गावची म्हातारी असेल, अंगारा लावत फिरत आली असेल, आपल्या वाटेनं गेली असेल. पण ज्या वॉर्डात बघायला माणूस उरला नव्हता, तिथे त्याच दुपारी कोणीतरी येऊन प्रत्येक पेशंटला, एकालाही न वगळता, मान उचलायला लावली. ते का झालं, हे मला ठाऊक नाही. झालं त्याच्यापुढे मी हात जोडते.

कोणी म्हणेल, मग आता तू शांत झाली असशील. नाही. दवाखान्यात सिस्टर वाढवा, ही मागणी मी आजही करते, पत्रकं आजही लिहिते. म्हातारी येईल या भरवशावर वॉर्ड चालवणं हा मायचा अपमान आहे. बदललं ते एवढंच की आता ड्युटी सुरू करताना मी दारात क्षणभर थांबते. माझ्या वाट्याचं बघणं मी पूर्ण करीन आणि जिथे माझे डोळे पोचणार नाहीत ते तुझ्याकडे देते, असं म्हणते. हे देणं म्हणजे अंग काढून घेणं नव्हे. मास्क दोन्ही हातांनी घट्ट धरूनच ते देता येतं, इतकं त्या रस्त्यानं मला शिकवलं. मग आत जाते, आणि सगळ्यांत आधी बरे झालेल्यांकडे जाते.

तुमच्याकडे एक मागणं आहे. फवारणीची दवा चढून तुमच्या घरचं, शेजारचं कोणी भरती झालं, तर हसू-बोलू लागलं म्हणून घाईनं घरी नेऊ नका. त्याच्यापाशी बसा. थोड्या थोड्या वेळानं त्याला उशीवरून मान उचलायला सांगा, दिवसा सांगा, रात्री उठवून सांगा. मान उचलली नाही, आवाज नाकातून येऊ लागला, तर आळस म्हणू नका, नाटक म्हणू नका. तिथल्या सिस्टरला हाक मारा. ती दुसऱ्या खाटेवर गुंतलेली असेल, वैतागून थांबा म्हणेल. तुम्ही थांबू नका. तिचा हात धरा आणि तिला खाटेपाशी घेऊन या.